वास येतोय ना?

"डिझेल परत कमी झालंय," विश्वास म्हणाला आणि त्याने गाडीची किल्ली जेवणाच्या टेबलावर आपटली. "गाडी जागची हललेली नाही आणि डिझेल कमी! अँब्युलन्समधलं डिझेल चोरतात लोक. लाज वाटत नाही."

सुमेधाने नवऱ्यापुढे आमटीची वाटी सरकवली. "आधी जेव. आमटी कशी झालीय सांग."

विश्वासने घोटभर आमटी पिऊन तज्ज्ञासारखी मान हलवली. "छान. गोडा मसाला किंचित जास्त झालाय."

"गोडा मसाला संपून आठवडा झाला," सुमेधा म्हणाली. "हिंगसुद्धा घातलेला नाही. नुसती हळद-मीठ घातलेली डाळ आहे ती. हे सोंग किती दिवस करणार आहेस?"

विश्वास उरलेली डाळ प्यायला. फेब्रुवारीत त्याला करोना झाला होता. ताप उतरला, खोकला गेला, पण त्याच्यासोबत गेलेला वास काही परत आला नव्हता. कॉफी म्हणजे गरम पाणी, साबण म्हणजे बुळबुळीत दगड. हाऊसआर्ट्सने, म्हणजे इथल्या डच फॅमिली डॉक्टरने, नेहमीप्रमाणे वाट बघा असं सांगितलं होतं. ही गोष्ट डॉक्टरला माहीत होती आणि सुमेधाला. तिसऱ्या माणसाला ती कळू द्यायची नाही, असा विश्वासचा पण होता, कारण तो तिसरा माणूस मार्लूस असण्याची शक्यता होती.

मार्लूस ही निवृत्त नर्स, आणि स्वयंसेवक ड्रायव्हरांच्या त्यांच्या छोट्या गटाची प्रमुख. युक्रेनमध्ये युद्ध सुरू झालं, तेव्हा तिने नेदरलँड्समधल्या जुन्या, निवृत्त अँब्युलन्स गोळा करून पोलंडच्या सीमेपर्यंत पोचवायचं ठरवलं. गाडी तिथे देऊन टाकायची आणि बसने परत यायचं. ड्रायव्हर म्हणून येणाऱ्या प्रत्येकाला ती तब्येतीचे प्रश्न विचारायची. गाड्या जुन्या, ब्रेक जुने, रस्ता लांबचा. काही जळलं, गळलं, तर ड्रायव्हरला आधी कळायला हवं. विश्वासने सगळ्या प्रश्नांना "उत्तम" असं उत्तर दिलं होतं. दोन वर्षं वरच्या खोलीत बसून स्क्रीनकडे बघितल्यावर त्याला पहिल्यांदाच असं काम मिळालं होतं, जे एका जागेवरून दुसऱ्या जागी जात होतं.

मार्चमधल्या पहिल्या खेपेला तीन गाड्या जायच्या होत्या. तिसरीची बॅटरी ऐन वेळी मेली आणि मार्लूसने तपासणीतच तिला बाजूला काढलं. दोनच गेल्या. सीमेवर गाड्या घ्यायला आलेल्या युक्रेनियन नर्सने दोन किल्ल्या खिशात टाकल्या आणि हात तसाच पुढे ठेवला. "तिसरी?" तिने विचारलं. विश्वास म्हणाला, "पुढच्या वेळी." तिने त्या हाताकडे एकदा बघितलं आणि तो खिशात घातला.

ती तिसरी गाडी आता अ‍ॅमस्टेलव्हीनमध्ये विश्वासच्या दारात उभी होती. पिवळी, टपावरचे निळे दिवे काळ्या कापडाने झाकलेले. नवी बॅटरी बसवली होती, टायर बदलले होते. सीमेपलीकडचे कागद मात्र येत नव्हते. रोज बातम्या बघायच्या आणि रोज खिडकीतून उभी गाडी बघायची. विश्वासला राग येई. युद्धाचा, कागदांचा, बातम्या सांगणाऱ्या बाईच्या नीटनेटक्या केसांचा. तो राग तो गाडी तपासण्यात घालवी. ऑइल, हवा, बॅटरी, स्ट्रेचरची चाकं. फक्त रुग्णाशेजारच्या लांब बाकाखालचा खण तो उघडत नसे. तो रिकामा होता. त्यात शेवटच्या दिवशी ब्लँकेटं भरायची होती, आणि रिकाम्या खणात तपासायचं काय?

हीटरचं काम हरीशकडे होतं. हरीश म्हणजे गाडीचा दुसरा ड्रायव्हर. मूळचा देवगडचा, आता राहायला बाडहूव्हडॉर्पला, विमानतळाशेजारी. स्वभावाने इतका मवाळ, की भांडण सुरू झालं की तो मोबाइल बघायला लागे. इंजिन बंद असतानाही मागचा भाग गरम ठेवणारा हीटर गाडीत होता. तो पडून बिघडू नये म्हणून रोज थोडा वेळ चालवायचा, असं विश्वासनेच त्याला सांगितलं होतं.

एप्रिलच्या सुरुवातीला एका संध्याकाळी हरीशने गाडीचं मागचं दार उघडलं आणि चाचरत विचारलं, "विश्वास, वास येतोय ना?"

विश्वासने घाईघाईने मान हलवली. "येतोय ना. येणारच."

"म्हणजे... चालेल ना तुला?"

हरीशच्या हातात जंतुनाशकाचा फवारा होता. विश्वासने हिशेब केला. "चालेल काय? असाच पाहिजे. उलट मला तर कमीच वाटतोय."

हरीशचा चेहरा उजळला. "कमी? मग उद्या आणखी आणू?"

"आण ना. हे असं स्वतःहून केलेलं काम मला आवडतं."

"अरे, मला वाटलं तू चिडशील!"

"मी काय उगाच चिडतो का?" विश्वास चिडून म्हणाला.

त्यानंतर विचित्र गोष्टी घडू लागल्या. पहिलं म्हणजे डिझेल उतरू लागलं. दुसरं म्हणजे समोरच्या हेंक आजोबांचा कुत्रा रोज फिरायला निघाला की गाडीच्या मागच्या दाराशी येऊन बसे आणि तिथून हलत नसे. हेंक आजोबाही मग दोराचं टोक धरून तिथेच डोळे मिटून उभे राहत. विश्वासने दोन दिवस वरून बघितलं, तिसऱ्या दिवशी तो खाली गेला आणि त्यांच्यासमोरच डिझेलच्या टाकीला कुलूप लावलं. आजोबांना त्याचा अर्थ कळला. ते लालबुंद झाले, "मी सायकल चालवतो!" असं ओरडले आणि कुत्र्याला ओढत घेऊन गेले.

शनिवारी राजन आणि मीनल आले. विश्वासशी त्यांची ओळख गणपतीच्या आरतीपुरती. "गाडी बघायला आलो," मीनल म्हणाली. विश्वासला भरून आलं. एवढ्या लोकांत कुणाला तरी युद्धाचं काही वाटतंय! त्याने त्यांना स्ट्रेचर दाखवला, ऑक्सिजनच्या नळ्या दाखवल्या. ती दोघं बाकाकडे बघत होती.

"आहाहा," राजन म्हणाला. "काय वास आहे!"

"आहेच," विश्वास अभिमानाने म्हणाला. "मी हरीशला मुद्दाम वाढवायला सांगितलाय."

"खरंच, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून आमच्यासारख्यांचं चालतं, विश्वासदादा," मीनल म्हणाली. तिच्या डोळ्यांत खरोखरच कृतज्ञता होती. तिने बाकावरून मायेने हात फिरवला. विश्वासला ते जरा जास्त वाटलं.

गुरुवारी दुपारी मार्लूसचा फोन आला. कागद आले होते. शनिवारी सकाळी निघायचं. "तासाभरात तुझी गाडी बघायला येते," ती म्हणाली. "या वेळी नवीन दोन आणि तुझी, तिन्ही गेल्या पाहिजेत."

विश्वासने हरीशला फोन केला. तो ऑफिसच्या मीटिंगमध्ये होता आणि त्याचा फोन बंद होता. त्याने काय फरक पडणार होता? गाडी तयार होती. विश्वासने एकदा काचा पुसल्या आणि तो फुटपाथवर ताठ उभा राहिला.

मार्लूस सायकलवरून आली. बहुतेकांनी आता मास्क सोडले होते, तिने सोडला नव्हता. टायर, दिवे, ऑइल, बॅटरी, तिने सगळं पाहिलं. मग मागचं दार उघडून आत चढली, मास्क हनुवटीवर ओढला आणि वळून म्हणाली, "तुला कसला वास येतोय?"

विश्वासला वाटलं, हिला कळलंय. कुणीतरी सांगितलंय. सुमेधानेच सांगितलं असेल. "जंतुनाशकाचा," तो म्हणाला.

"आणखी?"

"आणखी... काही नाही."

"डिझेलचा? जळल्याचा?"

"अजिबात नाही."

"ठीक," मार्लूस म्हणाली. विश्वासला हायसं वाटेपर्यंत ती खाली वाकली. बाकाच्या झाकणातून गवताची एक काडी बाहेर आली होती. तिने ती उपसली, डोळ्यांसमोर धरली आणि मग झाकणच उघडलं.

आत गवत होतं, सशांसाठी दुकानात मिळतं तसं वाळलेलं, मऊ. त्यात ओळीने, एकमेकांना न टेकता, देठ खाली करून ठेवलेले हापूस आंबे. एका टोकाचे हिरवे, मधले अर्धे पिवळे, दाराकडचे केशरी. रीतसर घातलेली आढी होती ती. कोकणातल्या माळ्यावर असावी तशी, फक्त वर ऑक्सिजनच्या नळ्या लोंबत होत्या.

विश्वासला एका क्षणात सगळं कळलं. डिझेल, कुत्रा, मीनलची कृतज्ञता. हरीश दरवर्षी गावाहून मराठी मंडळींसाठी आंबे मागवायचा, आणि इथल्या एप्रिलच्या थंडीत ते पिकत नाहीत म्हणून दरवर्षी शिव्या खायचा. या वर्षी त्याला डिझेलवर रात्रभर चालणारा हीटर मिळाला होता.

"हे काय आहे?" मार्लूसचा आवाज फार शांत होता.

रागाने विश्वासचे कान तापले होते. पण रागावून बोलणार काय? मला माहीत नव्हतं म्हणावं, तर एवढ्या आंब्यांशेजारी रोज उभं राहून माहीत नव्हतं कसं? आणि माहीत होतं म्हणावं, तर... एका वाक्याने ड्रायव्हरची जागा जात होती, दुसऱ्याने फक्त अब्रू.

"माझे आंबे आहेत," विश्वास म्हणाला.

"युद्धावर पाठवायच्या गाडीत तू फळं पिकवतोस?"

"हो."

"उद्या दुपारी मी परत येईन. गाडी रिकामी आणि धुतलेली पाहिजे. एक काडी जरी दिसली, तरी ही गाडी राहील. दोनच जातील." ती सायकलवर बसली, थोडी पुढे गेली आणि थांबून म्हणाली, "तू असं करशील असं वाटलं नव्हतं."

हरीश संध्याकाळी धावत आला. तोवर विश्वासचा राग पूर्ण पिकला होता.

"तुला काही अक्कल आहे का? अँब्युलन्स आहे ती! आढी घालायला गोठा वाटला तुला?"

"अरे, पण तूच म्हणालास असाच पाहिजे!" हरीश कळवळून म्हणाला. "मी पहिल्या दिवशीच विचारलं होतं. कमी आहे म्हणालास. मी आणखी चार पेट्या तुझ्या सांगण्यावरून आणल्या!"

"मला वाटलं जंतुनाशक!"

"काय?"

"जंतुनाशकाचा वास विचारतोयस असं वाटलं."

हरीश बाकातून काढलेला आंबा हातात तसाच धरून बघत राहिला. देवगडच्या माणसाला हे पचण्यासारखं नव्हतं. "हापूस," तो हळूच म्हणाला. "खोकाभर पिकलेला हापूस. आणि तुला वाटलं..." त्याने आंबा विश्वासच्या नाकाखाली धरला. विश्वासने नजर वळवली.

"तुला वास येत नाही," हरीश म्हणाला. "कधीपासून?"

"फेब्रुवारी."

हरीशने मोबाइल काढला नाही. ओळख झाल्यापासून पहिल्यांदाच तो भांडणात सरळ समोर बघत होता. "मार्चमध्ये हानोव्हरच्या पुढे क्लच जळत होता. मी झोपलो होतो आणि वासाने उठलो. तू जागा होतास, चालवत होतास. मी विचारलं तर म्हणालास, बाहेर कुणीतरी शेतात जाळतंय. मी म्हणून गाडी थांबवायला लावली." त्याचा आवाज चढला. "मी तुझ्या शेजारी झोपलो होतो, विश्वास! निवांत! का, तर तू जागा आहेस म्हणून!"

"ओरडू नकोस."

"मी ओरडणार! आंबे ठेवले, चुकलं माझं, सगळ्यांसमोर कान धरतो. पण आंब्याने कुणी मेलं नसतं. तू मार्लूसला सांग. नाहीतर मी सांगतो."

"सांगितलं तर ती मला उतरवेल."

"उतरवू दे."

तोवर आंबे मागवलेली मंडळी जमली होती. हरीशने ग्रुपवर निरोप टाकला होता की आंबे आत्ताच्या आत्ता घेऊन जा. आल्मेरेहून आलेले एक काका पिशवी विसरले म्हणून कुरकुरत होते. मीनल आपले आंबे दाबून बघत होती. "माझे अजून दोन दिवसांचे होते हो," ती म्हणाली. "आता घरी नेऊन आंबटच राहणार. असं मध्येच काढतात का?"

दिवसभर दाबलेलं सगळं विश्वासच्या तोंडून बाहेर पडलं. "मग राहू द्या आंबट! तिकडे लोक तळघरात झोपतायत, बाई! एक नर्स हात पुढे करून उभी होती, तिला मी गाडी देतो म्हणालो होतो. आणि ती गाडी इथे तुमचा आमरस करत बसलीय! उद्या हिच्यात एक काडी सापडली तर ही जाणार नाही, कळतंय का कुणाला?"

मीनलने आंबे खाली ठेवले. राजनने जॅकेट काढून तिच्या हातात दिलं आणि तो गाडीत चढून बाकाच्या सांध्यातून एकेक काडी वेचू लागला. मग आल्मेरेचे काका चढले. थोड्या वेळाने समोरून हेंक आजोबा आले. विश्वासकडे न बघता त्यांनी आपला व्हॅक्युम क्लीनर दारात ठेवला आणि तसेच परत गेले.

दुसऱ्या दिवशी मार्लूसने गाडी पाहिली, मान हलवली आणि ब्लँकेटं भरायला सांगितली. विश्वासने तोंड उघडलं आणि मिटलं. हरीश त्याच्याकडे बघत होता.

शनिवारी सकाळी तिन्ही गाड्या बाडहूव्हडॉर्पच्या एका मोकळ्या वाहनतळावर उभ्या होत्या. विश्वासने किल्ली हातात घेतली, हरीशकडे एकदा पाहिलं आणि तो मार्लूससमोर जाऊन उभा राहिला. "मला वास येत नाही," तो म्हणाला. "फेब्रुवारीपासून. आंबे माझे नव्हते. ते तिथे आहेत हेच मला माहीत नव्हतं. दुसरा ड्रायव्हर शोध, पण गाडी ने."

मार्लूसचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. "मग परवा मी विचारलं तेव्हा? डिझेल नाही, जळल्याचा नाही, असं छातीठोक सांगितलंस ते?"

"अंदाजाने."

मार्लूसने डचमध्ये एक शब्द उच्चारला. तो विश्वासला कुठल्याच भाषावर्गात शिकवला नव्हता. "अंदाजाने! मी तुझ्या नाकावर गाडी पास केली!"

"माझ्या नाकावर? का? तू स्वतः आत होतीस की."

मार्लूसने वाहनतळाच्या टोकाकडे बघितलं. "मला नोव्हेंबरपासून येत नाही," ती म्हणाली. "म्हणून तर मी प्रत्येक गाडीत ड्रायव्हरला विचारते."

"पण आंबे?"

"गवत दिसलं मला."

दोघांनाही प्रचंड राग आला होता, आणि तो कुठे ठेवावा हे दोघांनाही कळत नव्हतं. शेवटी मार्लूसने तोंडात बोटं घालून शिटी वाजवली. "कुणाला वास येत नाही? खरं सांगा. हात वर!"

आधी कुणी हललं नाही. मग मार्लूसने स्वतःचा हात वर केला. विश्वासने केला. मग शेवटच्या गाडीतल्या दाढीवाल्या ड्रायव्हरने, आणि त्याच्या शेजाऱ्याने. ते दोघं एकाच गाडीत होते, आणि एकमेकांकडे फसवल्यासारखे बघत होते.

बसायच्या जागा नव्याने ठरल्या. नियम साधा होता. प्रत्येक गाडीत एक तरी चालतं नाक, आणि ते नाक वाटेत झोपणार नाही. विश्वास चालवू शकत होता, कारण त्याच्या गाडीत हरीश होता. हरीशला हा न्याय मुळीच पटला नाही. गाडीत बसलं की त्याला अंगाई म्हटल्यासारखी झोप येई.

जर्मनीत शिरेपर्यंत दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. मग विश्वास दर थोड्या वेळाने विचारू लागला.

"वास?"

"नाही."

"वास?"

"नाही म्हटलं ना!" हरीशचे डोळे मिटत होते. त्याने काच खाली केली, वर केली, स्वतःच्या गालावर चापट मारली. "तुझ्यामुळे. तुझ्या एका नाकामुळे."

दुपारी ऊन आलं आणि गाडीत उबदार झालं. हानोव्हर मागे पडलं. विश्वासने एकदम आरशात बघितलं, इंडिकेटर दिला आणि गाडी बाजूच्या विश्रांतीच्या जागेत घालून करकचून थांबवली.

"काहीतरी गळतंय," तो म्हणाला. "उतर. उतर लवकर!"

"कुठे काय?" हरीश दचकून म्हणाला. "मला काही... काहीच वास नाहीये."

"अरे, केवढा येतोय! गोडसर आहे, आणि खाली टर्पेंटाइनसारखं काहीतरी. तुझ्या सीटच्या मागून येतोय. नाक आहेस ना तू या गाडीचं? बसलायस काय नुसता?"

बोलता बोलता विश्वास थांबला. हरीशही थांबला. त्याचे कान हळूहळू लाल होत होते. विश्वासने वाकून त्याच्या सीटमागे हात घातला आणि जॅकेटात गुंडाळलेली एक पेटी ओढून काढली.

"एवढं होऊनसुद्धा!" तो गरजला. "मार्लूस पुढच्या गाडीत आहे! एक काडी म्हणाली होती ती, एक काडी! आणि तू अख्खी पेटी!"

"गवत काढलंय त्यातलं," हरीश पुटपुटला. "त्या नर्ससाठी आहे रे. किल्लीबरोबर द्यायला. तुला वास येत नाही, म्हटलं कुणाला कळणार..."

तो मध्येच गप्प झाला आणि विश्वासच्या तोंडाकडे टक लावून बघू लागला.

"विश्वास," तो म्हणाला, "कसला वास येतोय तुला?"

पेटी मांडीवर घेऊन विश्वासने वरचा आंबा उचलला, नाकाशी नेला आणि श्वास आत ओढला. मग पुन्हा ओढला. शेजारून मालट्रक धडधडत गेले. बऱ्याच वेळाने त्याने आंबा जागेवर ठेवला, पेटी पुन्हा जॅकेटात नीट गुंडाळली आणि गाडी सुरू केली.

"मूर्ख आहेस तू," तो म्हणाला. पण चढलेला आवाज एवढ्यात खाली आला होता.

"आहेच," हरीश म्हणाला. त्याने सीट मागे केली आणि टोपी डोळ्यांवर ओढली. "मग मी आता झोपू?"